जागा सरकारची, वहिवाट आपली

(वडनेर भोलजी, ता. नांदुरा येथील बचत गट समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)

मागच्या वेळी आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज विषय कचऱ्याचा आहे. थांबा, रेडिओ बंद करू नका. झाडून काढा, शौचालय वापरा, हे मी आज सांगणार नाही. ते ऐकून तुमचेही कान किटलेत आणि सांगून माझंही तोंड दुखलंय. आज सुरुवात एका खेळापासून करते.

तुमच्या मोबाइलमध्ये नकाशा उघडला की एक निळा ठिपका दिसतो ना, आपण कुठं उभ्या आहोत ते दाखवणारा? तो आकाशातल्या अमेरिकी उपग्रहांच्या खुणेवर चालतो. सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारनं सामान्य माणसाला मिळणारी ही खूण मुद्दाम धूसर ठेवली होती. २ मे २००० रोजी तो पडदा काढला आणि जागा अगदी काही पावलांच्या अंतरापर्यंत बरोबर कळू लागली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० ला, ओरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक बादली लपवली. त्यात पुस्तकं, थोड्या वस्तू, एक वही आणि पेन्सिल ठेवली आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. ज्याला सापडेल त्यानं एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी आणि वहीत नाव लिहावं, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांना ती बादली सापडली. आपण लहानपणी दगडाखाली चिंचोके लपवायचो, तसंच हे मोठ्या माणसांचं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

आता यातली अडचण बघा. डबा लपवायचा तर जागा लागते. स्वतःच्या अंगणात लपवला तर मजा काय? मग तो जंगलात, नदीकाठी, सरकारी बागेत जातो. ती जागा कोणाची? वनखात्याची, उद्यान खात्याची. तिथल्या अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. लोक नको तिथं शिरतात, झाडोरा तुडवतात, खड्डे करून डबे पुरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी तर असे डबे ठेवायला सरसकट मोकळीक दिलीच नाही. खेळणाऱ्यांपुढं दोन वाटा होत्या. भांडत बसायचं, नाहीतर आपण त्रासदायक माणसं नाही हे त्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना दिसेल असं काही करायचं. त्यांनी डबा पुरायचा नाही असा नियम केला. जागेच्या मालकाची परवानगी घेतल्याशिवाय ठेवायचा नाही असाही केला. आणि २००२ पासून एक प्रथा सुरू केली: डबा शोधायला जाताना सोबत पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा घेऊन यायचं. पुढं वसुंधरा दिनाच्या सुमारास गटागटानं एकत्र जमून सफाई होऊ लागली. ज्या रेंजरनं यांना हाकललं असतं तोच मग सांगू लागला की या रविवारी अमुक ओढ्याकडं या, तिकडं फार घाण झालीय.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याला कुठं डबे लपवायचेत? खरं आहे. पण आपलं रोजचं किती काम दुसऱ्याच्या नावावरच्या जागेत चालतं, हे कधी मोजलंय का? शेळ्या ई-क्लासवर जातात. ती जमीन सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची. निंबोळ्या रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली वेचतो, ती कडा बांधकाम विभागाची नाहीतर महामार्गवाल्यांची. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या बाया सरपणाला आणि सीताफळाला जातात, ते जंगल वनखात्याचं. सातबारा आपल्या नावावर नाही, आहे ती नुसती वहिवाट. आणि वहिवाट बंद झाली की घरात सगळ्यात आधी बाईचं अडतं. पुरुष माणूस म्हणतो, "बंद झालं तं झालं." चूल कशी पेटवायची आणि शेळीला काय घालायचं, ते तो बघत नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. लोणार. आपण या टोकाला, लोणार त्या टोकाला, तरी आपल्यातल्या कित्येकींनी कमळजा देवीचं दर्शन घेतलंय. आकाशातून उल्का पडून काळ्या दगडात झालेलं ते विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद आहे. तळाशी तळं, पाणी खारट आणि साबणासारखं बुळबुळीत. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? कोणी म्हणालं कोप, कोणी म्हणालं चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग निघाला. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की ते जीव वाढतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचं नाव रामसर यादीत गेलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी आहे.

आता तिथं जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. विवरातलं जंगल अभयारण्य आहे, म्हणजे वन्यजीव विभाग. वर गावातलं दैत्यसूदन मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं. गाव नगर परिषदेकडं. आणि देवी? देवी आपली. नवरात्रात आपण ओटी घेऊन खाली उतरतो ते कोणाच्या जागेतून उतरतो याचा विचारही मनात येत नाही. नारळाची पिशवी, हळदी-कुंकवाच्या पुड्या, पाण्याची बाटली, लेकराच्या कुरकुऱ्याचं पाकीट. देवीला साडी, आणि साडीची पन्नी झुडपाला. वनखात्याच्या माणसाला हे दिसतं, तेव्हा त्याच्या हातात सगळ्यात सोपा उपाय कोणता असतो? फाटक. वेळेचं बंधन. माणसांच्या संख्येचं बंधन. मी त्याला दोष देत नाही. एका वनरक्षकाकडं केवढं मोठं बीट असतं, त्यानं वणवा बघायचा, चोरटी तोड बघायची की आपल्या मागून पन्न्या वेचायच्या? पण फाटक लागलं तर ते घाण करणाऱ्यालाही लागतं आणि न करणारीलाही लागतं.

लोणारच्या जतनाचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. कोर्टात गेलेल्या जागेबद्दल अधिकारी अधिकच जपून वागतात, हे तुम्ही ध्यानात घ्या.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण पुष्कळ उत्साही गट इथंच अडकतात. अभयारण्यात सफाईला जायचं म्हणजे उचलला झाडू आणि निघाले, असं चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, तिथलं काही उचलून आणायला मनाई आहे आणि आग लावायला तर नाहीच नाही. तुम्ही मनानं चांगल्या असाल, पण पालापाचोळा ढीग करून पेटवला तर तो गुन्हा आहे. पालापाचोळा हा कचरा नव्हे. त्याच्याखाली किडे, त्या किड्यांवर पक्षी. आपल्या अंगणातली सवय तिथं न्यायची नाही. उन्हाळ्यात एक ठिणगी डोंगर खाऊन टाकते.

गडकिल्ल्यांवरही हेच. दर रविवारी कितीतरी तरुण मुलं-मुली सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर जातात आणि पोती भरून बाटल्या खाली आणतात. फार चांगलं काम आहे. पण संरक्षित स्मारकाचा पडलेला दगडसुद्धा पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. भिंतीत उगवलेलं झाड ओढून काढलं तर झाडाबरोबर भिंतही येते. म्हणून जी मंडळी टिकली ती आधी खात्याकडं गेली आणि विचारून घेतलं, आम्ही काय करू आणि काय करू नको.

आता साताऱ्याकडं चला, कासच्या पठारावर. तिथल्या फुलांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानलं, त्यात कास आलं. मग झालं काय, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवारी-रविवारी गाड्यांच्या रांगा, फुलांवर लोळून फोटो, डब्यांचा आणि बाटल्यांचा खच. जमीन वनखात्याची, पण त्रास कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या आजूबाजूच्या गावांना. तिथं गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पुढं आल्या. वनखातं आणि गाव मिळून कारभार करायचा, अशी ही पद्धत आहे. हंगामात गावातलीच माणसं पठारावर उभी राहतात, गाड्या लावून घेतात, फुलांत शिरणाऱ्याला शिट्टी मारतात, कचरा उचलतात. पर्यटकांकडून शुल्क घेतलं जातं आणि त्यातून या माणसांची मजुरी निघते. दिवसाला किती लोक सोडायचे, यालाही मर्यादा घातली.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. पठाराला मधल्या काळात जाळीचं कुंपण होतं. त्यामुळं गुरांचं चरणं थांबलं, उंच गवत माजलं आणि फुलं कमी होऊ लागली, असं गावकरी आणि काही अभ्यासक म्हणत होते. कुंपण काढा ही मागणी त्यांनी लावून धरली आणि पुढं ती जाळी काढली गेली. सगळं श्रेय सफाईला आहे असं मी म्हणणार नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षं त्या जागेवर राबतो, तो "साहेब, हे चुकतंय" म्हणाला तर साहेब मान वर करून बघतो. नुसता अर्ज घेऊन आलेल्याला "ठेवा तिथं" म्हणतो.

आता आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा काय झालं ते सांगते. एक ताई ताडकन् म्हणाल्या, "कचरा केला त्यायनं, अन् झाडू आपुन काऊन मारायचा? अन् तेही फुकट?"

प्रश्न रास्त आहे. मला त्यांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. गावात साहेब येणार असले की बचत गटाच्या बायांना निरोप येतो. या, सारख्या रंगाच्या साड्या नेसून या. हातात झाडू, पुढं फोटोवाला, दहा मिनिटं झाडायचं, चहा घ्यायचा, घरी. कचरा तिथंच. आणि दुसरी गोष्ट आपण मोठ्यानं बोलत नाही: आपल्याकडं घाण उचलणं हे काही ठरावीक जातींच्या आणि बाईच्या माथी मारलेलं काम आहे. त्यामुळं फुकट सफाईला बोलावणं आलं की शंका यायलाच पाहिजे.

म्हणून फरक ओळखा. कोणी बोलावलं म्हणून झाडायचं ती बिगार. आपण ठरवून, आपल्या कामाच्या जागेसाठी, नोंद ठेवून आणि बदल्यात काय पाहिजे ते सांगून केलं, तर तो व्यवहार. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी हे फार पूर्वी ओळखलं. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. ज्यांना लोक चोर समजून हाकलायचे, त्यांच्याकडं महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र आलं, आणि पुढं त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेनं घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. काम तेच, पण आता ते त्यांच्या अटींवर. आपण काही कचरावेचक होणार नाही, पण त्यांच्याकडून ओळखपत्राचं महत्त्व तरी शिकावं.

आणि सगळ्यांत जुनं उदाहरण तर आपल्या वऱ्हाडातलंच. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात यायचे ते आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तन करायचे. रात्री ते कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका असं कडक बोलायचे आणि लोक ऐकून घ्यायचे. दिवसभर ज्यानं आपलं दार झाडलं त्याला उलट बोलायची कोणाची छाती? २००० साली सरकारनं ग्राम स्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. अभियानात पुढं बक्षिसांचीच चर्चा जास्त झाली, ते असो.

मग हे करायचं कसं? आधी जागेचा मालक शोधा. जंगल असेल तर पहिल्यांदा वनरक्षकाला भेटा, एकदम वरच्या साहेबाकडं जाऊ नका. वरून आदेश आला की खालचा माणूस दुखावतो, आणि रोज गाठ त्याच्याशीच असते. मग अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावानं. ई-क्लास किंवा गावठाण असेल तर ग्रामपंचायत. अर्जात गटाचं नाव, किती जणी, कोणती तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढं लिहा, आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेतलं बोलणं. जाण्याआधी त्यांना विचारा की कशाला हात लावायचा नाही. हा एक प्रश्न विचारला की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, बघा.

हातात मोजे पाहिजेतच. पिशवी उचलायच्या आधी काठीनं हलवून बघा, खाली विंचू-साप असतो. काच आणि सुया वेगळ्या डब्यात. लहान लेकरं सोबत नेऊ नका. काटेकुटे असतील तर जुनी पूर्ण बाह्यांची शर्टं घाला, साडी अडकते.

गोळा केलेल्याचं काय करायचं ते आधी ठरवा. इकडून उचलून पुलाखाली टाकलं तर काय उपयोग? बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा भंगारवाला घेतो, त्याचे चार पैसे गटाच्या खात्यात जमा करा. कुरकुऱ्याची चकाकती पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या तो घेत नाही. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे. पुड्या मोजल्या तर बंदी कशावर आहे असा प्रश्न पडतो.) स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक केंद्राची तरतूद आहे. आपलं प्लास्टिक कुठं जाणार, हे ग्रामसेवकांना लेखी विचारा. जाळायचं मात्र नाही. तो धूर आपल्याच छातीत जातो.

पोती मोजा, वजन काटा मिळाला तर वजन करा आणि ठराव वहीत लिहा. आधीचा एक फोटो, नंतरचा एक. फोटोत जागा दिसली पाहिजे, आपण नाही दिसलो तरी चालेल. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा. एकदा जाणाऱ्याला अधिकारी पाहुणा समजतात.

आता आपल्या वडनेरचं. आपल्याकडं जंगल नाही. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, तूर आणि महामार्ग. महामार्ग आला की ढाबे आले, ढाब्यांमागं पत्रावळ्या आणि ग्लास आले. शेगावला पायी जाणाऱ्या भाविकांना आपण मोठ्या मनानं चहा-फराळ देतो, आणि प्लास्टिकचे ग्लास वाऱ्यानं ई-क्लासवर जातात. शेगावच्या संस्थानात हजारो सेवेकरी बिनपगारी राबून आवार चकचकीत ठेवतात, ते बघून आपण हात जोडतो, आणि वाटेवर मात्र ग्लास फेकतो. स्टीलचे पेले विसळायला दोघी जणी बसल्या तर काय बिघडेल?

ई-क्लासचा प्रश्न माझ्या दृष्टीनं कर्जाचा आहे. आपल्या कितीतरी जणींनी गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या. कोणी शिळं अन्न पिशवीत बांधून फेकतं, जनावर वासानं पिशवीसकट गिळतं. पोटात गोळा होतो, चारा उतरत नाही, जनावर फुगतं, झिजतं आणि जातं. डॉक्टरांनी चिरलं की आतून पन्न्या निघतात. शेळी मेली तरी हप्ता मरत नाही. दर महिन्याच्या बैठकीत त्या बाईची मान खाली असते आणि आपण सगळ्या तिच्याकडं बघत असतो. म्हणून ई-क्लासवर पडलेली पन्नी ही माझ्या लेखी थकबाकी आहे.

तिथं आपल्याला काय पाहिजे, तेही ठरवू. मला वाटतं तीन गोष्टी मागाव्यात: गावातला कचरा तिथं टाकायला बंदीचा ठराव, शेळ्यांसाठी पाण्याचा हौद, आणि कडेनं लावलेल्या झाडांची राखण रोजगार हमीतून आपल्याच बायांना. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलं आणि त्याच वर्षी आपल्या राज्यानंही गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर निर्बंध आणले. तेव्हा मागणी हवेतली नाही. पण ती मागताना वहीत तीन सफायांची नोंद असली, पोत्यांचे आकडे असले, तर सरपंच आणि ग्रामसेवक काय बोलतील ते बघायची मला फार उत्सुकता आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते. विषय तिथं मांडायचा, तर अर्ज आधी गेला पाहिजे. या महिन्याच्या बैठकीत सगळ्या गटांच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी शिक्का सोबत आणावा, अर्ज तयार आहे, वाचून सह्या करू. पहिली सफाई त्यानंतरच्या रविवारी, सकाळी सात वाजता, शेळ्या सुटायच्या आत. प्रत्येकीनं एक रिकामं पोतं, एक काठी आणि स्वतःची पाण्याची बाटली आणावी. मोजे गटाच्या पैशातून घेऊ. आणि ज्या ताईंनी "काऊन" विचारलं होतं, त्यांना मी वजनाच्या नोंदीचं काम दिलंय. त्यांचा हिशेब चुकत नाही.